जिप्सीचे पाटे, शॅकल आणि कोन: प्रकल्प नोंदी

गाडी: मारुती जिप्सी किंग, सॉफ्ट टॉप. व्हीलबेस २३७५ मिमी. पुढे-मागे सॉलिड एक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध आस), चारही कोपऱ्यांत पाटे (पोलादी पाने एकावर एक रचलेल्या स्प्रिंगा), आणि पाटे एक्सलच्या खालून जाणारे. पुढचा शॅकल (पाट्याचे एक टोक चासीला जोडणारी हलती कडी; दुसरे टोक पक्के) पाट्याच्या पुढच्या टोकाला, मागचा मागच्या टोकाला. ही मांडणी लक्षात ठेवली तरच पुढचे कोन समजतील.

तक्रार: साठच्या वेगाला खड्डा लागला की पुढची चाके वॉबल करतात, म्हणजे डावी-उजवी थरथरतात. सत्तरच्या पुढे मागून घरघर येते. कच्च्या रस्त्यावर मागची बाजू उसळते. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग किंचित डावीकडे धरावे लागते.

१० नोव्हेंबर २०२४ : आली तशी

आधीच्या मालकाने गाडी उंच करून घेतली होती. चारही शॅकल मूळ शॅकलपेक्षा ४५ मिमी लांब. मागच्या पाट्यांत एक जादा पान, जाडी ७ मिमी. बाकीची पाने ६ मिमीची. टायर २३५/७५ आर १५. शॉकअप मात्र मूळ लांबीचेच ठेवलेले.

एवढ्यावरूनच निम्मे निदान होते. शॅकल ४५ मिमी लांब केला तरी गाडी त्याच्या निम्मीच, साधारण २२ मिमी, उचलली जाते, कारण पाट्याचे एकच टोक खाली जाते आणि एक्सल मधोमध असतो. बदल्यात अख्खा पाटा तिरका होतो आणि त्याच्यासोबत एक्सल फिरतो. शॅकलने उंची थोडी मिळते, कोन बराच बिघडतो.

काहीही सोडण्याआधी गाडी सपाट फरशीवर घेतली, चारही टायरांत सारखी हवा भरली, पुढून-मागून हलवून पाटे बसू दिले आणि मग मापे घेतली. मापे एक्सल ते चासी घ्यायची. जमीन ते मडगार्ड असे माप घेतले तर टायरची हवा, झिजलेली रबरे आणि वाकलेला पत्रा सगळे त्यात मिसळते.

१६ नोव्हेंबर : कोन

चुंबकाचा डिजिटल कोनमापक वापरला. आधी फरशीचा उतार मोजून तो वजा केला.

पुढचा कॅस्टर (चाक ज्या किंगपिनभोवती वळते त्याचा माथा मागे कललेला असतो तो कोन): डावीकडे ०.४ अंश, उजवीकडे ०.९. मूळचा साडेतीन अंशांच्या आसपास असतो. हिशेब जुळतो: पाट्याची दोन टोके साधारण ९०० मिमी अंतरावर, पुढचे टोक ४५ मिमी खाली, म्हणजे पाटा जवळजवळ २.९ अंश पुढे झुकला. तेवढाच किंगपिनचा माथा पुढे गेला आणि कॅस्टर संपला. कॅस्टर नसला की चाकाला सरळ व्हायची ओढ राहत नाही. खड्ड्याने एकदा हलवले की ते हलतच राहते.

मागे टोक उलट आहे, परिणाम मात्र त्याच जातीचा. मागच्या पाट्याचे मागचे टोक खाली गेल्याने डिफचे (डिफरन्शियलचे, एक्सलमधल्या गिअरच्या पेटीचे) नाक वर उचलले गेले. ट्रान्सफर केसचा (ताकद पुढच्या-मागच्या एक्सलला वाटणाऱ्या पेटीचा) फ्लँज, म्हणजे शाफ्ट जोडायची चकती, आणि डिफचा फ्लँज समांतर हवेत. इथे फरक ३.४ अंश आला. या दोन्हींना जोडणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांना साधे क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) आहेत. साधा क्रॉस कोनात फिरताना एका फेरीत दोनदा वेग कमी-जास्त करतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असले तर दुसरा क्रॉस पहिल्याची चूक भरून काढतो. सारखे नसले की उरलेला फरक घरघर होऊन आत ऐकू येतो. अशा वेळी अनेक ठिकाणी क्रॉस बदलतात, शाफ्ट बॅलन्स करतात, आणि काही हजार किलोमीटरमध्ये नवा क्रॉसही जातो. आधी कोन मोजावा, तो फुकट मोजता येतो.

१७ नोव्हेंबर : स्टिअरिंग डावीकडे धरावे लागण्याचे कारण

पाट्यांच्या पक्क्या टोकांचे बोल्ट आणि एक्सलची दोन्ही टोके यांवरून ओळंबा सोडून फरशीवर खडूने खुणा केल्या, गाडी बाजूला घेतली आणि कर्ण मोजले. पुढचे कर्ण २ मिमीच्या आत जुळले. मागे डावे टोक ९ मिमी मागे.

मागचा डावा यू-बोल्ट (पाटा एक्सलला आवळणारा) सोडल्यावर सेंटर बोल्ट (पानांच्या मधोमध जाणारा) दोन तुकड्यांत हातात आला. तुटलेल्या तोंडाचा दोन तृतीयांश भाग काळपट, गंजलेला. उरलेली कड मात्र चमकदार. म्हणजे तडा जुना, शेवटचा तुकडा अलीकडे गेलेला. पॅडचे (एक्सलवर पाटा बसतो त्या पट्टीचे) भोक लांबट झालेले, पानांच्या मध्ये रंगाचा जाड थर.

मूळ दोष त्या रंगाच्या थरात आहे. सेंटर बोल्ट फक्त जागा दाखवतो. एक्सलला जागेवर धरून ठेवतो तो यू-बोल्टचा दाब. पाने रंगवून आवळली की महिन्याभरात रंग चेपतो, दाब कमी होतो, एक्सल पॅडवर सरकू लागतो आणि सगळा मार त्या बारीक बोल्टवर येतो. खड्डे आणि ब्रेक एक्सलला मागे ढकलतात, म्हणून तो मागे गेला. डावे टोक मागे म्हणजे मागची चाके गाडीचा मागचा भाग डावीकडे नेतात, नाक उजवीकडे वळू पाहते, आणि सरळ जायला स्टिअरिंग डावीकडे धरावे लागते. पुढच्या चाकांची अलाइनमेंट कितीही वेळा केली तरी हे सुटणार नव्हते.

पॅडचे भोक वेल्डिंगने भरून पुन्हा मापात पाडले. पॅडच्या बसण्याच्या जागा घासून उघड्या केल्या.

२४ नोव्हेंबर : कडकपणा मोजला

मागच्या एक्सलच्या बरोबर वर सिमेंटच्या चार गोण्या ठेवल्या, म्हणजे २०० किलो, प्रत्येक पाट्यावर १००. गाडी हलवून बसू दिली, माप घेतले. गोण्या उतरवून पुन्हा हलवून माप घेतले. दोन्हींची सरासरी धरली. पानांमधल्या घर्षणामुळे चढताना आणि उतरताना आकडे वेगळे येतात, म्हणून एकच माप पुरत नाही.

जादा पानासकट: २५ मिमी दबला, म्हणजे ४ किलो प्रति मिमी.
जादा पान काढून: ३२ मिमी, म्हणजे ३.१ किलो प्रति मिमी.

पानाचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. ६ ऐवजी ७ मिमी म्हणजे एकच मिलिमीटर जास्त, पण २१६ च्या जागी ३४३, दीडपटीहून अधिक. पान वाढवताना जाडी कॅलिपरने मोजून घ्यावी. दुकानात ‘सारखेच आहे’ म्हणून दिलेले पान सारखे असेलच असे नाही. हजार किलोच्या आसपासच्या या गाडीला तो फरक लगेच जाणवतो.

१ डिसेंबर : काय करायचे ते ठरले

तीन रस्ते होते.

पहिला, लांब शॅकल ठेवून एक्सल आणि पाट्यामध्ये पाचर घालायची. या मांडणीत कॅस्टर वाढवायला पाचरीची जाड बाजू पुढे येते. कॅस्टर परत मिळतो, पण पुढच्या डिफचे नाक तेवढेच खाली जाते आणि पुढच्या शाफ्टचा कोन वाढतो. फोर-व्हीलमध्ये घरघर पुढे सरकेल एवढेच. पाचर वापरायचीच असेल तर स्टीलची वापरावी. ॲल्युमिनियमची पाचर यू-बोल्टखाली चेपते आणि फुटते.

दुसरा, पाटे एक्सलच्या वर घ्यायचे. यात एक्सलच्या नळीची जाडी अधिक पाट्याच्या थप्पीची जाडी एवढी उंची एकदम मिळते, सव्वाशे मिमीच्या पुढे. पण नवे पॅड वेल्ड करणे, स्टिअरिंगच्या लिंका वर घेणे, शाफ्ट बदलणे, आणि जोर लावल्यावर पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा वाकून डिफचे नाक वर जाऊ नये म्हणून वेगळा दांडा, हे सगळे ओघाने येते. दगडांवरून सावकाश चढणाऱ्या गाडीला ते शोभते. ही गाडी घाटरस्त्याने जाऊन मग कच्च्याला लागते. तिचा गुरुत्वमध्य एवढा वर नेणे आम्हाला मान्य नाही. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ कडे दुर्लक्ष करून गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करू नये.

तिसरा, जो घेतला: मूळ लांबीचे शॅकल परत लावायचे आणि उंची पाट्याच्या कमानीतून मिळवायची. कमान वाढली की एक्सल सरळ वर-खाली सरकतो, फिरत नाही. उंची फक्त ४० मिमी. टायर २१५/७५ आर १५, व्यास ७०३ मिमी. मूळ २०५/७० आर १५ चा ६६८. डिफ जमिनीपासून वर जाते ते फक्त टायरमुळे, व्यासाच्या फरकाच्या निम्मे, म्हणजे १७-१८ मिमी. पाट्यांमुळे वर जाते ती चासी. हे दोन आकडे एकत्र करून ‘दोन इंच लिफ्ट’ म्हणण्यात अर्थ नाही.

१४ डिसेंबर : पाटे

ट्रकच्या पाट्यांचे काम करणाऱ्या दुकानातून एसयूपी-९ या स्प्रिंगच्या पोलादाची नवी पाने बनवून घेतली, सगळी ६ मिमी. जुनी पाने तापवून कमान वाढवायचा पर्याय स्वस्त असतो. पण भट्टीतून काढून नुसते गार केलेले पान मऊ राहते आणि बसते. पाण्यात टाकलेले कडक होते आणि खड्ड्यात तुटते. नीट तेलात विझवून पुन्हा ठरलेल्या तापमानाला आणायची सोय असेल तरच तापवावे.

मागच्या पाट्याचा हिशेब: वरचे वजन प्रत्येक पाट्यावर साधारण १७५ किलो, कायमचे सामान दोन्ही मिळून ८० म्हणजे आणखी ४०. २१५ भागिले ३.१, म्हणजे पाटा ६९ मिमी बसणार. बसल्यावर कमान ४९ मिमी हवी (जुनी ९ होती, अधिक ४०). मोकळी कमान ११८. प्रेसवर सपाट करून सोडल्यावर थोडी उतरते, म्हणून मागणी १२२ ची दिली.

प्रेसवर पाटा सपाट करायचा, सोडायचा, कमान मोजायची. माप उतरायचे थांबेपर्यंत हेच. दोन्ही मागचे पाटे ११८ आणि ११७ वर थांबले. हे न करता पाटा गाडीला लावला तर तो रस्त्यावर बसतो, आणि दोन्ही बाजू सारख्या बसतीलच याची खात्री नाही.

पानांची टोके खालून तिरकी घासून गोलसर केली, नाहीतर टोक वरच्या पानात खाच पाडते आणि तडा तिथूनच सुरू होतो. पानांमध्ये ग्रीस नाही. ग्रीसला माती चिकटते आणि तिचा पॉलिशपेपर होतो. टोकांखाली ३ मिमी प्लास्टिकचे तुकडे, बाकी ग्रॅफाइटचा पातळ हात. यू-बोल्टच्या खालची जागा पूर्ण कोरडी, रंगाशिवाय.

२१ डिसेंबर : जोडणी

नवे यू-बोल्ट, नवे सेंटर बोल्ट. यू-बोल्ट पुन्हा वापरू नये. एकदा ताणलेला आटा दुसऱ्यांदा तोच दाब देत नाही.

क्रम असा: पक्के टोक हाताने, शॅकल हाताने, मग यू-बोल्ट फुलीच्या क्रमाने तीन टप्प्यांत ७० न्यूटन-मीटरपर्यंत. त्यानंतर गाडी चाकांवर उतरवली, सामानाचे वजन ठेवले, हलवून बसवली आणि तेव्हाच शॅकल व पक्क्या टोकांचे बोल्ट आवळले.

हा शेवटचा टप्पा सगळ्यात जास्त चुकतो. एक्सल लोंबकळत असताना बोल्ट आवळले की रबरी बुश त्याच स्थितीत धरला जातो. गाडी खाली आली की तो कायमचा पिळलेला राहतो, गाडी एखाद-दोन सेंटिमीटर जास्त उंच दिसते, चालायला कडक लागते आणि बुश लवकर फाटतो. ‘नवे पाटे फार कडक आहेत’ या तक्रारीचे कारण कित्येकदा एवढेच असते.

बुश रबराचेच ठेवले. पॉलियुरेथेन टिकते, पण माती गेल्यावर किंचाळते आणि पाटा तिरका पिळला जाताना कमी लवते.

कमान वाढल्याने पाट्याच्या टोकांमधले अंतर सहा मिमीने घटले, त्यामुळे मागचा शॅकल १५ अंश बाहेर झुकलेला होता तो १० वर आला. हे चालते. शॅकल आत झुकला असता तर पाटा दबताना त्याने टोक खाली ढकलले असते आणि तेच पाटे कडक लागले असते. पूर्ण लोंबकळल्यावर तो साधारण १५ अंश आत जातो, उलटत नाही.

कोन: कॅस्टर डावीकडे ३.२, उजवीकडे ३.४. मागच्या फ्लँजांमधला फरक ०.७ अंश. पाचर कुठेही लावली नाही.

२२ डिसेंबर : शॉकअप आणि बंप स्टॉप

शॉकअप काढून ठेवले आणि एका चाकाखाली जॅक, दुसरे मोकळे, असे एक्सल दोन्ही टोकांना नेऊन पाहिले. पुढच्या खुंट्यांमधले अंतर: बंप स्टॉपला (वर येणाऱ्या एक्सलला अडवणाऱ्या रबराला) टेकल्यावर ३१५, उभ्या स्थितीत ३८५, पूर्ण खाली ४६०. शॉकअप निवडले ते बंद २९८, उघडे ४७८. दोन्हीकडे १७-१८ मिमी शिल्लक.

शॉकअप आतून आपटता कामा नये, आणि एक्सलला लटकवून ठेवायचे कामही त्याच्याकडे जाता कामा नये. पहिल्यात व्हॉल्व्ह जातो, दुसऱ्यात वरची खुंटी चासीपासून उपटते. आधीच्या मूळ लांबीच्या शॉकअपची वरची रबरे याच कारणाने फाटली होती.

पुढच्या बंप स्टॉपखाली २० मिमीचा ठोकळा, कारण पूर्ण दबून पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या पत्र्याला घासत होते. ब्रेकचे रबरी पाइप एक्सल पूर्ण खाली आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना नेऊन पाहिले. पुढचा डावा ताणला जात होता. त्याचा ब्रॅकेट ३० मिमी खाली घेतला.

२९ डिसेंबर : स्टिअरिंग

चासी वर गेली की ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकांकडे जाणारा दांडा) जास्त उतरती होते आणि स्टिअरिंग व्हील सरळ राहत नाही. ते व्हील उपटून सरळ बसवायचे नाही. स्टिअरिंग बॉक्सला मधोमध एक घट्ट जागा असते. तिथून बाजूला गेले की व्हीलला ढिलाई जाणवते. एका टोकापासून दुसऱ्यापर्यंतचे फेरे मोजून बॉक्स बरोबर मध्यावर आणला, चाके सरळ केली आणि ड्रॅग लिंकची लांबी त्याप्रमाणे जुळवली. टो-इन (चाकांची पुढची बाजू किंचित आत वळलेली असणे) वेगळे, टाय रॉडवर (दोन्ही पुढच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर), ४ मिमी.

५ जानेवारी २०२५ : उरलेला वॉबल

मागची घरघर गेली, गाडी सरळ चालते. पण ७० ला जोरदार खड्डा लागला की पुढे हलकी थरथर अजून येते, दोन-तीन सेकंदांत थांबते.

क्रमाने तपासले. चाके बॅलन्स केली, फरक किरकोळ. टाय रॉड एंड ठीक. मग चाक वर-खाली धरून हलवले, एकाने ब्रेक दाबून ठेवला. ब्रेक दाबल्यावरही ढिलाई राहिली म्हणजे हब बेअरिंग नाही, किंगपिन. नकलचे (चाकासोबत वळणाऱ्या सांध्याचे) सील सोडून टाय रॉडच्या भोकात स्प्रिंगकाटा अडकवला: उजवीकडे फिरायला दीड किलो ओढ लागते, डावीकडे अर्ध्या किलोच्या आत. डावीकडच्या बेअरिंगच्या वाटीत रोलरच्या खुणा उठलेल्या; सरळ स्थितीत रोलर त्या खाचांत बसत होते. बेअरिंग वाटीसकट बदलले, शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) कमी करत ओढ दीड किलोवर आणली.

थरथर संपली. स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगची थरथर शोषणारा शॉकअप) मुद्दाम शेवटपर्यंत हात न लावता ठेवला. नवा डॅम्पर टाकला असता तर वॉबल दबला असता आणि ते बेअरिंग आतल्या आत खराब होत राहिले असते.

१९ जानेवारी : चाचणी

१०० किमीनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळले. मागचे थोडे फिरले, पुढचे नाही. ५०० ला पुन्हा तपासायचे.

२० अंशांच्या रॅम्पवर एक पुढचे चाक चढवले. गाडी आली तेव्हा ८८० मिमीवर मागचे चाक उचलले जात होते, आता ११२०. व्हीलबेसने भागून हजारने गुणले तर चाकांच्या लवचिकतेचा निर्देशांक ३७१ वरून ४७२. हा फरक बहुतेक जादा पान काढल्याचा आणि योग्य लांबीच्या शॉकअपचा आहे, उंचीचा नाही.

ताम्हिणी घाटात उतरताना ब्रेकवर गाडी सरळ राहते. कच्च्यावर मागची उसळी गेली. स्पीडोमीटर पाच टक्के कमी दाखवतो: ६० दाखवताना खरा वेग ६३.

२० जुलै २०२५ : पावसाळ्यातली तपासणी

मागची उभी कमान डावीकडे ४७, उजवीकडे ४७. दोन मिमी बसली, दोन्हीकडे सारखी. सेंटर बोल्टजवळ गंजाची लाल रेघ नाही. ती दिसली तर पॅडवर हालचाल आहे असे समजावे.

पावसाळ्याआधी गाडीला खालून जळके ऑइल मारायची पद्धत आहे, ते या गाडीला मारू दिले नाही. ऑइलने रबर फुगते आणि मऊ पडते, आणि शॅकलचे बुश पहिल्यांदा जातात. चासीला मेणाचा थर दिला, बुश आणि ब्रेकचे पाइप झाकून.

एक्सलच्या ब्रीदरच्या (आतल्या हवेला वाट देणाऱ्या) नळ्या इंजिनच्या कप्प्यात वर नेल्या. गरम डिफ गार पाण्यात उतरले की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढते. मागच्या डिफचे ऑइल काढून पाहिले: स्वच्छ, दुधाळ नाही. पुढच्या डाव्या नकलच्या सीलमधून ग्रीस थोडे बाहेर येते आहे. सील मागवले आहे, आले की त्याच वेळी किंगपिनची ओढ पुन्हा मोजायची.